किनाऱ्यावर लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा : भट्टीला गिऱ्हाईक मोजता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागातले. त्यांच्या मावसभावाची मालवणच्या तारकर्लीजवळ रस्त्याला लागून जागा आहे. दोघं मिळून तिथे लाकडाच्या भट्टीचं पिझ्झा रेस्टॉरंट काढताहेत, उद्घाटन दिवाळीच्या पाडव्याला. हाताशी २५ लाख. भट्टी इटलीहून आणावी की इथेच बांधून घ्यावी? मैदा आणि चीज सोलापुरातून नेलं तर चालेल का? आणि सोलापुरात विजापूर रोडला जो मेनू धावतो तो तिकडे धावेल का?

मी कुठल्या बाजूने बोलतोय ते आधी सांगतो. आमची पावाची बेकरी सोलापुरात, आजोबांपासूनची. विटांची भट्टी, बाभळीचं लाकूड, रात्री दोनला जाळ. गेली चौदा वर्षं मी पिझ्झ्याच्या भट्ट्या बांधतो. बहुतेक सोलापूर-पुण्याकडे, चार कोकण किनाऱ्यावर. त्या चारांतली एक पहिल्याच महिन्यात तडकली, तिची गोष्ट पुढे येईल.

तुमचे तिन्ही प्रश्न भट्टीचे, मालाचे आणि मेनूचे आहेत. चौथा विचारायचा राहिला, आणि बाकीच्या तिघांची उत्तरं त्याच्यात आहेत : आठवड्यातले किती दिवस भट्टी पेटणार, आणि पेटली त्या दिवशी किती पिझ्झे निघणार? गॅसचा ओव्हन बटणावर चालतो. गिऱ्हाईक आलं, पेटवला. गेलं, बंद केला. विटांच्या भट्टीला गिऱ्हाईक मोजता येत नाही. बारा माणसं येवोत की दीडशे, तिला तापायला तेवढंच लाकूड आणि तेवढेच तास लागतात. सोलापुरात हे खपून जातं, कारण इथे मंगळवारीसुद्धा कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. किनाऱ्यावर शनिवारी पाय ठेवायला जागा नसते आणि मंगळवारी कुत्रं फिरकत नाही.

आता भट्टी. पावाची भट्टी आणि पिझ्झ्याची भट्टी यांत बरेच गवंडीसुद्धा फरक करत नाहीत. पावाची भट्टी आधी तापवायची, निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या पोत्याने पुसायचा आणि मग विटांनी पिऊन ठेवलेल्या उष्णतेवर लादीमागून लादी काढायची. म्हणून तिच्या भिंती जाड, नऊ-नऊ इंचांच्या. पिझ्झ्याच्या भट्टीत जाळ शेवटच्या पिझ्झ्यापर्यंत आतच असतो, एका कडेला. तळ खालून भाजतो, घुमटाला चाटून वळलेली ज्योत वरून भाजते. तिला नऊ इंचांची भिंत नको, साडेचार इंच, म्हणजे वीट आडवी एक, पुष्कळ झाली. नऊ इंच बांधलीत तर तापायला चार तास घेईल आणि ती उष्णता रात्री अकरानंतर वाया जाईल, मंगळवारी तर संपूर्णच.

नेपल्सची मंडळी या बाबतीत फार काटेकोर. तिथली पिझ्झेवाल्यांची संस्था १९८४ पासून नियम सांभाळून आहे, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांच्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. त्यांचा नियम : तळ ३८० ते ४३० अंश सेल्सिअस, घुमट ४८५ च्या आसपास, पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. हे आकडे वाचून आपल्याकडचे लोक भट्टी तेवढी तापवतात आणि पिझ्झ्याचं बूड काळं करून बसतात. कारण तिथल्या भट्टीचा तळ सोरेंतोकडच्या मातीच्या खास लाद्यांचा असतो. त्या सच्छिद्र लादीतून उष्णता सावकाश वर येते. आपली फायर ब्रिक, म्हणजे जाळ सोसणारी वीट, घट्ट, तिच्यातून उष्णता भसकन येते. तेव्हा आपल्या विटेवर तळ ३५०-३७० च्या पुढे नेऊ नका आणि पिझ्झ्याला दोन मिनिटं द्या. तापमान बघायला इन्फ्रारेडची बंदूक घ्या, पण रोजची खूण डोळ्याची : घुमट आधी काजळीने काळा होतो, मग काजळी जळून विटा पुन्हा पांढऱ्या दिसायला लागतात. घुमट पांढरा पडला की पंधरा मिनिटांनी पिठाचा पहिला गोळा उघडायला, म्हणजे हाताने पसरायला, घ्या.

इटलीची भट्टी वाईट नसते. पण ती दीड-दोन टनांची, घाट उतरून आणायची, क्रेनने उतरवायची. आणि आतला एखादा तुकडा निखळला तर कणकवलीत कोण बसवणार? तुमच्या बजेटात मी तरी इथेच बांधेन. आतला व्यास ४२ इंच, घुमटाची उंची १९ इंच, तोंडाची उंची १२. तोंडाची उंची घुमटाच्या ६३ टक्के, हे जुनं प्रमाण आहे आणि ते मोडू नये. तोंड त्याहून उंच ठेवलंत तर उष्णता बाहेर, ठेंगणं ठेवलंत तर धूर आत. अशा भट्टीत जाळ सोडून दोन पिझ्झे आरामात बसतात, हात बसला की तीन. याहून मोठी नको. तुमची अडचण भट्टीत नाही, गोळा उघडणाऱ्या हातात आहे. एक माणूस तासाला तीस-पस्तीस गोळे नीट उघडतो. भट्टी त्याच्या दुप्पट भाजते आणि वाट बघत बसते.

वाचवलेले पैसे भट्टीच्या खाली आणि वर घाला. घुमटावर सिरॅमिक ब्लँकेटचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचे, दोन इंची दोन थर (कापताना तोंडाला मास्क, ती धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका), आणि तळाखाली चार इंच व्हर्मिक्युलाइटचं (हलकं, फुलवलेलं खनिज) काँक्रीट किंवा कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड. तळाखालचं इन्सुलेशन दिसत नाही म्हणून गवंडी ते हमखास गाळतात. आमच्या जुन्या भट्टीखाली वाळू, फुटक्या काचेचा चुरा आणि जाडं मीठ आहे, आजोबांच्या काळची पद्धत. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती साठ वर्षं टिकली. कोकणात ते मीठ हवेतली ओल ओढून घेईल आणि तुमचा तळ कायम थंड राहील. किनाऱ्यावरची वाळूही बांधकामात नको, तिच्यातला खार सळई खातो. आणि तिथला चिरा, म्हणजे जांभा दगड. त्याची चौकट सुंदर दिसते, बाहेरून जरूर लावा. जाळाच्या बाजूला एकही चिरा नको. तो पाणी धरून ठेवतो आणि तापला की फुटतो.

हे सगळं नीट केलंत तर रात्री अकराला निखारे मागे लोटून तोंडाला झाकण घातलेली भट्टी सकाळी सहालाही दोनशे-सव्वादोनशे अंशांवर असते. आणि इथे मी तुम्हाला पिझ्झेवाल्याचा नाही, पाववाल्याचा सल्ला देतो. त्या उष्णतेचे पैसे तुम्ही रात्रीच मोजलेत. दोनशे अंशांवर पाव होतो. तुमच्या आजूबाजूला सगळे होमस्टे आहेत, आणि त्या सगळ्यांना सकाळी पाहुण्यांच्या ताटात ठेवायला ताजा पाव हवा असतो. आधी लादीपाव आणि साधे ब्रेड, मग उतरत्या उष्णतेवर, एकशे साठच्या आसपास, नानकटाई. चार होमस्टेंचा रोजचा रतीब धरलात तर मंगळवारची भट्टी पिझ्झ्यावर नाही, पावावर पेटते. शिवाय रोज पेटणारी भट्टी कोरडी राहते. चार दिवस गार पडलेली किनाऱ्यावरची भट्टी म्हणजे ओला स्पंज, पहिला तासभर लाकूड नुसतं तिचं पाणी उडवायला जातं.

लाकडाचा हिशेब करूनच टाकू. अशी भट्टी तापवायला पंचवीसेक किलो, मग तासाला पाचेक किलो, पाच तासांचे पंचवीस. पन्नास किलो झालं. दर किलोला दहा रुपये धरा, पाचशे रुपये. शनिवारी नव्वद पिझ्झे निघाले तर पिझ्झ्यामागे साडेपाच रुपये, मंगळवारी पंधरा निघाले तर तेहेतीस. तेहेतिसानेही कुणी बुडत नाही. बुडवतो तो त्याच मंगळवारी पाच तास उभा राहिलेला माणूस, फेकलेले पंचवीस गोळे आणि उघडलेलं चीज. म्हणून मी लाकूड धरून बोलतोय, पण तुम्ही गोळे धरून ऐका.

लाकूड कुठलं? बाभूळ आपल्याकडून न्यायची गरज नाही, भाड्यातच मराल. तिकडे आंबा मिळतो, ऐन मिळतो, आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात ती अकेशिया भरपूर मिळते, ती उत्तम. सुरूचं लाकूड फार कडक जळतं, पण किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाला हात लावायचा नाही. ती झाडं वारा आणि वाळू अडवायला लावलेली आहेत. कांदळवनाचं लाकूड कुणी स्वस्तात आणून दिलं तर दारातूनच परत पाठवा, ती तोड गुन्हा आहे. वखारीतून पावती घेऊन घ्या. काजूची टरफलं कुणी 'फुकट न्या' म्हणेल. त्यांच्या तेलाचा धूर घशाला लागतो आणि पिझ्झ्यालाही. पेटवायला मात्र करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्यांसारखं दुसरं काही नाही. तुमच्या सोलापूरच्या भट्टीवाल्याला त्याचा हेवा वाटतो.

लाकूड दिसायला वाळलेलं असून चालत नाही, आत पाणी वीस टक्क्यांच्या खाली हवं. दोन-अडीच हजारांत ओलावा मोजायचं यंत्र मिळतं, ढलपी फोडून आतल्या बाजूला टोचा. ओलं लाकूड धूर करतं, घुमट काळाच ठेवतं आणि पिझ्झा भाजण्याऐवजी उकडतं. तेव्हा जमिनीपासून फूटभर वर, तीन बाजूंनी हवा आणि वर पक्कं छप्पर अशी लाकडाची खोप पहिल्या दिवसापासून हवी. लोक टेबलांसाठी जागा हवी म्हणून ती खोप कापतात आणि जूनमध्ये माझा फोन वाजतो. पुढच्या दोन दिवसांचं लाकूड भट्टीच्या ओट्याखालच्या कमानीत ठेवायचं. तिथे ते आपोआप सुकतं.

आता तडकलेली गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टला मी भट्टी बांधली, डिसेंबरच्या मध्यात. मालकांनी ३१ तारखेच्या जेवणाचे पैसे लोकांकडून आधीच घेतले होते. नवी भट्टी ही ओल्या मातीच्या मडक्यासारखी असते. आधी नुसती सुकू द्यायची, मग बारीक जाळ, पहिल्या दिवशी साठ-सत्तर अंश, मग शंभरच्या आसपास रेंगाळायचं, मग दीडशे, दोनशे, तीनशे. सोलापुरात मी याला आठवडा देतो. तिथे तीन दिवसांत उरकलं. मला कळत होतं आणि मी गप्प बसलो, ही चूक माझी. ३१ च्या रात्री अकरा वाजता आतून असा आवाज आला की बाहेरच्यांना वाटलं फटाके सुरू झाले. विटांच्या मागे अडकलेल्या पाण्याची वाफ झाली होती. घुमटाला बोट जाईल एवढी फट, आणि एक ढलपा थेट पिझ्झ्यावर. नशिबाने कुणाला लागलं नाही. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या भट्टीला मी जाळाचे पंधरा दिवस घेतो, आणि उद्घाटनाची तारीख छापून तयार असेल तर काम घेत नाही.

धुराड्याबद्दल दोनच गोष्टी. पत्र्याचं लावू नका, खाऱ्या हवेत दोन पावसाळे निघत नाहीत. स्टेनलेसमध्येही ३०४ नंबरच्या प्रतीला गंजाचे डाग पडतात, ३१६ महाग आहे पण तेच घ्या. दुसरं, वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे उपयोगी पडतं. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून जातो, आणि मधल्या वेळेत, म्हणजे नेमकी तुमची गर्दीची वेळ, तो पडतो. धूर वर जाण्याऐवजी शेजाऱ्याच्या अंगणात उतरतो. भट्टीचं तोंड पश्चिमेला नको, धुराडं शेजारच्या कौलांच्या वर निघायला हवं आणि डोक्यावर ठिणग्या अडवणारी जाळी हवी. झावळ्यांची शाकारणी असलेली एक झोपडी बाजूला असेलच. शेजाऱ्यांना आधी भेटा. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं. तुमच्याकडे ते लागू नाही, पण वारं कुठे वाहतंय ते त्यातून कळतं. म्हणून बांधतानाच गॅसच्या बर्नरसाठी एक भोक ठेवून द्या. पावसाळ्यातही ते कामाला येईल. मात्र गॅसवर भाजलेल्या दिवशी पाटीवर 'लाकडाच्या भट्टीतला' लिहू नका.

जागेचं एक विचारलं नाहीत. भरतीरेषेपासून किती अंतर आहे? २०१९ ची सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांवर बंधनं घालणारी, अधिसूचना आहे, आणि मालवणचा किनारा तर त्यातल्या अतिसंवेदनशील पट्ट्यांच्या यादीत आहे. पाण्याखालचं मालवणचं सागरी अभयारण्यही १९८७ पासूनचं. विटांची भट्टी आणि धुराडं म्हणजे पक्कं बांधकाम, ते शॅकसारखं उचलून बाजूला ठेवता येत नाही. जागेचा नकाशा घेऊन परवानगीचं आधी बघा, मग विटा मागवा.

आता पीठ, कारण खरी परीक्षा तिथे आहे. मैदा सोलापुरातून नेता येईल, पण महिन्याचा एकदम नाही. तिकडच्या दमट हवेत पोतं भिंतीला टेकून ठेवलं की दोन आठवड्यांत सोंडे. दहा-बारा दिवसांपुरताच आणा, फळ्यांवर, भिंतीपासून लांब. मैद्याला प्रथिनं अकरा टक्क्यांच्या आसपास हवीत. गिरणीवाल्याला सरळ विचारा, चांगले गिरणीवाले सांगतात. इटलीच्या 'डबल झिरो' पिठाचा मोह होईल. ते दोन शून्य पीठ किती पांढरं, किती बारीक चाळलेलं ते सांगतात, ताकद सांगत नाहीत. सुरुवातीला नको.

माझं प्रमाण : मैदा एक किलो, पाणी ६२० मिली, मीठ २८ ग्रॅम, कोरडं इन्स्टंट यीस्ट एक ग्रॅम. साखर नाही, दूध पावडर नाही, तेलही नाही. पावाच्या सवयीने आपले कारागीर साखर टाकतात, आणि साडेतीनशे अंशांवर ती साखर आधी जळते. २३० ग्रॅमचे सात गोळे होतात. फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर चोवीस तास, वापरायच्या आधी दोन तास बाहेर. तिकडच्या उकाड्यात दोन तासही जास्त होतील, दीडवर बघा.

मळताना पीठ २४ अंशांवर यायला हवं. त्याचं साधं गणित : चोवीस गुणिले तीन, बहात्तर. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मशीन घासून वाढवते ते सहा अंश वजा करा. खोली ३१, मैदा ३०, मशीन ६, बेरीज सदुसष्ट. उरले पाच. म्हणजे पाणी पाच अंशांचं हवं, अक्षरशः बर्फाचं. सोलापुरात मे महिन्यात आम्ही हेच करतो, पण इथे रात्र जरा तरी गार होते. तिकडे होत नाही. मालवणला बर्फ मुबलक, मासेवाल्यांसाठी. तो निळसर असतो ते खाण्यासाठी नाही म्हणूनच. तो भांड्याच्या बाहेरून लावायला वापरा, पिठात नाही. आणि वीज गेली की फ्रिजमधले शंभर गोळे तीन तासांत आंबतात, तेव्हा जनरेटरचे पैसे त्या २५ लाखांत आहेत ना ते तपासा. विहिरीचं पाणी चाखून बघा. मे महिन्यात मचूळ होत असेल तर मीठ कमी करावं लागेल, आणि यीस्टही कुरकुर करेल.

गोळे किती करायचे? फ्रिजमधला गोळा अठ्ठेचाळीस तासांपर्यंत उत्तम, बहात्तरपर्यंत चालतो. शुक्रवारचे उरलेले शनिवारी जातात. रविवारचे उरलेले मात्र जात नाहीत, म्हणून रविवारसाठी हात आखडूनच करा आणि रात्री नऊला 'संपले' म्हणायची लाज बाळगू नका. उरलेच तर तेलाचा हात लावून सोमवारच्या पावाच्या पिठात थोडे थोडे मिसळा, चव वाढते.

चीज. ताजं मोझरेला पाणी सोडतं, ते आदल्या रात्री चाळणीवर निथळून ठेवायला हवं, नाहीतर पिझ्झ्याच्या मधोमध तळं. सुरुवात कमी पाण्याच्या मोझरेलाने करा, थोडं ताजं वरून. स्वस्तात 'पिझ्झा टॉपिंग' म्हणून जे विकतात त्याचं लेबल वाचा, त्यावर 'अ‍ॅनालॉग' लिहिलेलं असेल तर ते वनस्पती तेलाचं आहे. ते भट्टीत वितळत नाही, तेल सोडून चामड्यासारखं होतं. ते वापरून 'चीज' म्हणणं नियमातही बसत नाही. माल सांगोला-मिरज-कोल्हापूर करून न्यायचा तर कोल्हापूरहूनच का घेत नाही? म्हशीचं दूध तिथे, आणि घाटही तिथूनच उतरायचाय. पावसात दरड कोसळून घाट बंद होतो तेव्हा सोलापूरचा माल फार लांब राहतो.

आता मेनू. तुमचं गिऱ्हाईक कोण आहे ते नीट बघा. कोल्हापूर, सांगली, पुणे, आणि हो, सोलापूरची कुटुंबं. पहिल्या दिवशी सगळे सुरमई खातात. दुसऱ्या दिवशी बांगडा. तिसऱ्या दिवशी मुलं 'मासे नको' म्हणून बसतात, आणि घरातली शाकाहारी आजी तीन दिवस डाळभातावर आलेली असते. तो तिसरा दिवस तुमचा आहे. म्हणून मेनूतले निम्म्याहून जास्त पिझ्झे शाकाहारी ठेवा, एक-दोन कांदालसणाशिवायचे. कोळंबीचा एक जरूर असू दे, तो चीज न घालता, लसूण आणि टोमॅटोवर. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत तो पाटीवरून पुसा. 'एकाच भट्टीत का?' हा प्रश्न येणारच. फळ्या आणि ओटे वेगळे ठेवा, आणि भट्टी एकच आहे हे न लपवता सांगा. काही उठून जातील, जाऊ द्या.

सोलापूरच्या माणसाला पिझ्झ्याबद्दल एकच तक्रार असते : 'मऊ आहे हो.' कडक भाकरीवर वाढलेले आपण. नेपल्सचा पिझ्झा मऊच असतो, तिथे तो चार घड्या घालून खातात. इथे मी तळ ३२० वर आणतो, तीन मिनिटं भाजतो, कडक निघतो. किनाऱ्यावर दोन्ही मागणारे येतील. जाळाजवळची जागा मऊवाल्यांना, तोंडाजवळची कडकवाल्यांना. कडांवरचे काळे ठिपके बघून 'करपलं' म्हणतील, त्यांच्याशी वाद न घालता दुसरा करून द्या. आणि कृपा करून शेंगा चटणी पिझ्झ्यावर घालून भट्टीत सारू नका. मी केलं आहे ते. कूट आणि तिखट दोन्ही जळून खोलीभर ठसका. भाजून बाहेर आल्यावर वरून भुरभुरवा, तेव्हा मात्र झकास लागते.

माणूस इटालियन शेफ नको. गावातल्या भाकऱ्या करणाऱ्या दोन बायका बघा. ज्या हाताला पीठ किती दाबायचं कळतं तो हात पंधरा दिवसांत गोळा उघडायला शिकतो. फक्त काठ न दाबायची आणि लाटणं न घेण्याची सवय लावावी लागते. जाळ सांभाळणारा माणूस मात्र आधी तयार करा आणि त्याला पावसाळ्यातही अर्धा तरी पगार द्या. तो ऑक्टोबरात परत आला नाही तर भट्टी आहे नि आचारी नाही, अशी गत होते. ते पावसाळ्याचे पगार आणि चार महिन्यांचा खर्च २५ लाखांतून आत्ताच बाजूला काढून ठेवा. भट्टी, खोप, फ्रिज, जनरेटर उरलेल्यात बसवा. बसत नसेल तर टेबलं कमी करा.

तारखेबद्दल शेवटचं. पाऊस तिकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो. त्यानंतर बांधायला दहा-बारा दिवस, नुसती सुकायला आठवडा-दहा दिवस, जाळाचे पंधरा. पाडव्यापर्यंत हे सगळं उरकेल असं धरून चालू नका. पाडव्याला भट्टीची पूजा करा, नारळ फोडा, पेढे वाटा. जाळ घालू नका. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एखाद्या बुधवारी, बोर्ड न लावता होमस्टेवाल्या शेजाऱ्यांना जेवायला बोलवा. त्यांना पाव द्या, पिझ्झा द्या. नाताळला अजून महिना असेल. जाळवाला माणूस मिळाला की त्याला सप्टेंबरात आमच्या बेकरीवर धाडा, रात्री दोनला उठायची तयारी असली म्हणजे झालं.